गुंजभर सोने

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या वाटेवर पणदरे हे गाव आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकात या मुलखात आले आणि दुष्काळाच्या पट्ट्यात उसाची हिरवी रांग उभी राहिली. परंतु कालवा गावाजवळून गेला म्हणजे गावातील प्रत्येक वावराला पाणी मिळते असे नाही. उंचवट्यावरच्या जमिनी कोरडवाहूच राहतात. खाली इंदापुराकडे जावे तसतसा पाऊस आणखी हात आखडतो. अशा जमिनीत ज्वारी हेच माणसाचे अन्न आणि ज्वारीचा कडबा हाच गुरांचा आधार. गोठ्यात दुभती जनावरे असली म्हणजे शेतकरी एका कोपऱ्यात ज्वारी दाट पेरतो आणि ती हिरवीच कापून गुरांना घालतो. या हिरव्या वैरणीला कडवळ म्हणतात.

उन्हाळ्याच्या दिवसांत कालव्याची पाळी लांबली की कडवळाची वाढ खुंटते. गुडघ्याएवढे वाढलेले ताट तेथेच थबकते. पाने सुरळीसारखी गुंडाळतात. एखाद्या दुपारी दावे तोडून गाय त्या वावरात शिरते. दोन महिने कोरडा कडबा चघळलेल्या जनावराला तो हिरवा घास म्हणजे पक्वान्नच. ती अधाशीपणे खाऊ लागते. अर्ध्या तासाच्या आत तिचा श्वास जोरजोराने चालू लागतो, तोंडाला फेस येतो, पाय लटपटतात आणि ती कोसळते. पशुवैद्याला बोलावणे जाईपर्यंत पुष्कळदा सारे संपलेले असते. ज्या घरातील मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्या गाईच्या दुधावर चालतो, त्या घरावर हा घाला किती मोठा, हे वेगळे सांगावयास नको.

“कोवळ्या ज्वारीत जनावर सोडू नये, ती लागते,” असे गावातील जुनी माणसे सांगत आली आहेत. पीक फुलोऱ्यावर येईपर्यंत त्याला दातही लागू द्यावयाचा नाही, हा त्यांचा नियम. नियम अचूक आहे. परंतु ज्वारी का लागते, आणि आज लागणारी ज्वारी महिन्याने का लागत नाही, हे मात्र डोळ्यांना दिसत नाही. विषारी ताट आणि निर्विष ताट दिसावयास सारखेच हिरवे.

ज्वारीच्या पानात धुरीन नावाचा एक पदार्थ असतो. डन्स्टन आणि हेन्री या दोन इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी १९०२ साली तो इजिप्तमधील ज्वारीतून वेगळा केला. अरबी भाषेतील ज्वारीच्या नावावरूनच त्याला हे नाव पडले. धुरीन हे स्वतः फारसे घातक नाही. त्याच पानात, पण वेगळ्या कप्प्यात, त्याचे विघटन करणारे एक विकर असते. पान शाबूत असते तोवर या दोघांची गाठ पडत नाही. गाईने पान चावले, कप्पे फुटले, की दोघे एकत्र येतात आणि धुरीनमधून हायड्रोसायनिक आम्ल बाहेर पडते. सायनाइड या नावाने जे भयंकर विष सर्वांच्या परिचयाचे आहे, तेच हे. गाईच्या पोटातील सूक्ष्म जीवही या कामाला हातभार लावतात; म्हणून रवंथ करणाऱ्या जनावरांना या विषाची बाधा विशेष लवकर होते.

हे विष रक्तातील प्राणवायू काढून घेत नाही. रक्त प्राणवायू घेऊन पेशींच्या दारापर्यंत जाते; परंतु पेशींची तो वापरण्याची शक्तीच विषाने बंद पाडलेली असते. भरलेले ताट समोर असताना उपासमार व्हावी, तसा हा प्रकार होय. म्हणूनच अशा जनावराचे रक्त काळवंडत नाही, उलट लालभडक दिसते. पशुवैद्य वेळेवर पोहोचला, तर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट ही औषधे शिरेतून देऊन जनावर वाचवता येते. घरगुती उपाय करीत बसणे म्हणजे हाती असलेली थोडी मिनिटे वाया घालवणे.

झाडाने असे विष बाळगण्याचे कारण उघड आहे. कोवळ्या रोपाला पळता येत नाही, शिंग उगारता येत नाही. किडीपासून आणि गुरांपासून बचाव करण्याचे त्याचे हे साधन आहे. रोप जून झाले, कणीस भरू लागले, म्हणजे विषाचे प्रमाण उतरते. पक्व दाण्यात ते जवळजवळ नसतेच. भाकरी खाणाऱ्याला भिण्याचे कारण नाही. मात्र पाण्याचा ताण पडला, किंवा नत्रखताची मात्रा अधिक झाली, की पानातील विष वाढते. कापणीनंतर बुडख्यातून येणारे फुटवेही असेच घातक. ओल्या वैरणीच्या दहा लाख भागांत या आम्लाचे दोनशे भाग झाले, की ती वैरण धोक्याची समजतात. दहा लाखांत दोनशे! गाईला ते कळत नाही, मालकाच्या नजरेला दिसत नाही. मग ते ओळखावयाचे कसे?

एक रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. गिन्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०६ साली पिक्रिक आम्लाच्या द्रावणात भिजवलेल्या कागदाचा उपयोग सांगितला. ठेचलेले पान परीक्षानळीत घालावयाचे आणि हा पिवळा कागद वर टांगून नळीचे तोंड बंद करावयाचे. पानातून सायनाइड वायू निघाला, तर कागद विटकरी लाल होतो. ही रीत सोपी आणि स्वस्त आहे, आणि आजही ती वापरतात. परंतु पिक्रिक आम्ल कोरडे झाले तर स्फोटक बनते, आणि विष थोडे असेल तर रंग पालटण्यास बराच वेळ लागतो. म्हणून शास्त्रज्ञ दुसऱ्या एका पदार्थाकडे वळले. तो पदार्थ म्हणजे सोने.

सोने आणि वनस्पतींचे विष यांचा संबंध आपल्याकडे फार जुना आहे. तो मात्र वेगळ्या कारणाने. सोनाराच्या तराजूत पूर्वी लाल-काळ्या गुंजा असत. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, हे कोष्टक घरोघरी पाठ असे. ही गुंज एका वेलीची बी. दिसावयास मोठी देखणी. पण तिच्या टणक सालीच्या आत ॲब्रिन नावाचे जहाल विष असते. बी चावून फोडली तर जिवावर बेतते. लहान मुलांच्या हाती गुंजा खेळावयास कधीही देऊ नयेत. ज्या सोन्याला शतकानुशतके विषारी बियांनी तोलले, तेच सोने आता विषाचा तोल सांगू लागले आहे.

सोने म्हटले की पिवळा रंग डोळ्यांपुढे येतो. परंतु सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवले, तर ते पाणी माणकासारखे लाल दिसते. लोहाराच्या घरी जन्मलेला आणि पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला मायकेल फॅरडे पुढे थोर शास्त्रज्ञ झाला. त्याने सोन्याच्या क्षारापासून असे लाल द्रव तयार केले आणि १८५७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांची हकीकत मांडली. त्याच्या हातचे काही लाल द्रव लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवले आहेत. या लाल द्रवात मीठ टाकले की तो निळा पडतो, हेही फॅरडेने नोंदवून ठेवले होते. त्या वेळी ती एक गंमत वाटली असेल; पुढची सारी हकीकत त्या चिमूटभर मिठात दडलेली होती.

हे कण किती लहान? एका मीटरचे शंभर कोटी भाग करावे. त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. लाल द्रवातील कण साधारणपणे तेरा ते वीस नॅनोमीटर रुंदीचा असतो. माणसाचा एक केस आडवा धरला, तर त्याच्या रुंदीवर असे चार-पाच हजार कण ओळीने मावतील. म्हणूनच मराठीत त्यांना अब्जांश कण असेही म्हणतात. १९५१ साली टर्केविच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते करण्याची सुटसुटीत रीत सविस्तर अभ्यासली: सोन्याच्या क्षाराचे अगदी पातळ द्रावण उकळावयाचे आणि त्यात सायट्रेट घालावयाचे. लिंबात जे आम्ल असते, त्याचाच हा क्षार. थोड्या वेळात फिकट पिवळे पाणी आधी रंगहीन, मग निळसर आणि शेवटी लालबुंद होते.

या रंगाचे रहस्य असे. सोन्याच्या प्रत्येक कणात मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन असतात. प्रकाशाची लाट आली की ते सारे एकदम डोलू लागतात. वाऱ्याची झुळूक आली म्हणजे ज्वारीचे सगळे वावर एका लयीत डोलते, तसे. या आकाराच्या कणांची लय हिरव्या प्रकाशाशी जुळते. तेवढा प्रकाश ते शोषून घेतात आणि उरलेला प्रकाश आपल्याला लाल दिसतो. आता हेच कण एकमेकांना अगदी खेटून उभे राहिले, तर त्यांची लय बदलते. ते हिरव्याऐवजी नारिंगी-तांबड्या बाजूचा प्रकाश शोषू लागतात आणि पाणी जांभळे किंवा निळे दिसते. कण सुटे असता लाल, एकत्र आले की निळे: एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे सोपे आहे.

कणांना एकत्र आणील असे काही विषातच असेल, तर विष स्वतःच आपली चहाडी करील. एरंडाच्या बाबतीत हे घडले. ओढ्याकाठी, बांधावर, पडक्या वाड्यांच्या आवारात एरंड आपोआप उगवतो. त्याचे तेल औषधाला आणि वंगणाला वापरतात. तेल गाळल्यावर विष त्यात उतरत नाही, ते पेंडीत राहते. म्हणून प्रक्रिया न केलेली एरंडीची पेंड गुरांना घालीत नाहीत, ती खत म्हणून शेतात टाकतात. या विषाला स्टिलमार्क नावाच्या संशोधकाने १८८८ साली ‘रिसिन’ हे नाव दिले. एरंडीच्या अर्काने रक्तातील तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात आणि त्यांच्या गुठळ्या होतात, असे त्याला आढळले होते. पुढे कळले की, गुठळ्या करणारे प्रथिन हे रिसिनचे भावंड असून ते त्याच बीमध्ये असते. या प्रथिनाला साखर पकडण्याच्या एकाहून अधिक जागा असतात, आणि त्याला आवडणारी साखर म्हणजे गॅलॅक्टोज. दुधातल्या साखरेचा हा एक घटक. पेशींच्या पृष्ठभागावरही ही साखर असते. एका हाताने एक पेशी आणि दुसऱ्या हाताने दुसरी पेशी धरली, की गुठळी झालीच.

जपानमधील संशोधकांनी २००१ साली एक नामी प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी सोन्याच्या कणांवर दुधातील साखरेचे रेणू बसवले. लाल पाण्यात एरंडीचे ते प्रथिन मिसळताच प्रथिनाने दोन्ही हातांनी साखर, आणि साखरेबरोबर सोन्याचे कण धरले. कण एकमेकांजवळ आले, पाणी जांभळे झाले. रक्ताच्या पेशींच्या जागी सोन्याचे कण आले, एवढाच फरक! पुढची पायरी तर त्याहून मौजेची. त्या जांभळ्या पाण्यात त्यांनी मोकळी गॅलॅक्टोज साखर भरपूर घातली. प्रथिनाचे हात त्या साखरेने भरून गेले, कण सुटले आणि पाणी पुन्हा लाल झाले. रंग विषाच्या पकडीमुळेच बदलला होता, मीठमातीमुळे नव्हे, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

तरीही शास्त्रज्ञ एवढ्यावर थांबत नाहीत. गुंजेतील विषही गॅलॅक्टोजलाच धरते. तेव्हा गुंज आणि एरंड यांतला भेद या कणांना कळेलच असे नाही. इतकेच नव्हे, तर आपल्या भुईमुगाच्या दाण्यातही गॅलॅक्टोज धरणारे एक प्रथिन असते, आणि शेंगदाणे तर सारेच आवडीने खातात. साव कोण आणि चोर कोण, हे ठरवण्यासाठी म्हणून दुसरी युक्ती करतात. केवळ रिसिनलाच ओळखणारी प्रतिद्रव्ये सोन्याच्या कणांना जोडून ती कागदी पट्टीवर वापरतात. २०२० नंतरच्या कोरोनाच्या साथीत घरोघरी ज्या तपासणीच्या पट्ट्या आल्या, त्यांपैकी अनेकींवर उमटणारी लाल रेघ सोन्याच्या अशाच कणांची होती. पट्टी हातात धरणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की, त्या रेघेत सोने आहे!

आता पुन्हा कडवळाकडे वळावयास हवे. ज्वारीच्या विषाची रीत एरंडाच्या अगदी उलट आहे. सायनाइडला सोन्याचे कण एकत्र आणावयाचे नसतात; ते सोने चक्क विरघळवून टाकते. मोठमोठ्या आम्लांना दाद न देणारे सोने सायनाइडच्या पातळ द्रावणात, हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने, हळूहळू विरघळते. १८८७ साली मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधू यांनी याच गुणावर दगडातून सोने काढण्याची पद्धत बसवली आणि जगभरच्या खाणींत ती रूढ झाली. कर्नाटकातील कोलारच्या खाणी २००१ साली बंद झाल्या. तेथेही सोने याच मार्गाने काढीत. खाणीत जे उपयोगाचे, तेच परीक्षानळीतही उपयोगाचे. सोन्याच्या लाल पाण्यात सायनाइड मिसळले, तर कण झिजत जातात, आणि लाल रंग फिका होत होत नाहीसा होतो. एरंडाचे विष लालाचे जांभळे करते; ज्वारीचे विष लाल पुसून टाकते.

कागदावर हे सोपे दिसते. शेताच्या बांधावर तसे नाही. ज्वारीचे पान ठेचून रस सरळ लाल पाण्यात ओतला, तर हरितद्रव्याच्या हिरव्या रंगात तांबडे काय आणि निळे काय, काहीच कळणार नाही. शिवाय रसात क्षार असतात, प्रथिने असतात. क्षार कणांना उगीचच एकत्र आणून खोटी हाकाटी करतील, तर प्रथिने कणांभोवती लपेटून त्यांना जागचे हलू देणार नाहीत. म्हणून आधी विषारी वायू रसातून वेगळा काढून मगच तो सोन्याशी भेटवावा लागतो. विहिरीचे मचूळ पाणी वापरूनही चालत नाही. ऊर्ध्वपातित पाणीच हवे. प्रयोगशाळेत जमलेली गोष्ट गोठ्यात जमवणे, हा या कामातला खरा अवघड भाग आहे. अशी तपासणी अजून शेतकऱ्याच्या हाती सर्रास आलेली नाही, ती यामुळेच.

सोन्याची किंमत मात्र या कामाच्या आड येत नाही. लाल पाण्याच्या एका लिटरात जेमतेम पन्नास मिलिग्रॅम सोने असते. एका गुंजेचे वजन सुमारे एकशे वीस मिलिग्रॅम. म्हणजे गुंजभर सोन्यापासून जवळजवळ अडीच लिटर लाल पाणी होईल. एका तपासणीला अर्धा मिलिलिटर पुरे धरले, तर तेवढ्या सोन्यात जवळपास पाच हजार तपासण्या होतात. एका गाईच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही.

असे कण तयार करण्याच्या कामात पुण्याचेही नाव आहे. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वनस्पतींकडूनच सोन्याचे कण करवून घेतले. गवती चहाच्या पानांचा अर्क सोन्याच्या क्षारात मिसळला असता सोन्याचे पातळ, त्रिकोणी कण तयार होतात, हे त्यांनी २००४ साली जगापुढे मांडले. परसातला गवती चहा चहाला स्वाद देतो, हे सर्वांना माहीत होते. तो सोन्याला आकार देतो, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. त्याच बारामती तालुक्यात, माळेगाव खुर्द येथे, २००९ सालापासून एक राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. दुष्काळ, उष्णता, क्षारयुक्त जमीन यांचा पिकांवर, जनावरांवर आणि माशांवर पडणारा ताण हाच तिच्या अभ्यासाचा विषय. पाण्याच्या ताणाने ज्वारी विषारी होते. तेव्हा पणदऱ्याच्या कडवळाचे कोडे आणि या संस्थेचे काम यांत फारसे अंतर नाही.

दरम्यान कालव्याची पाळी येते. पाटाचे पाणी वावरात शिरते, सुरळी झालेली पाने उलगडतात, आणि पाणी पिऊन ताजी झालेली हिरवीगार ज्वारी पाहून गाय दाव्याला हिसके देऊ लागते. शेतकरी मात्र दावे सोडत नाही. ज्वारी हिरवी दिसली, तरी पाण्याबरोबर विष लगेच उतरत नाही, आणि नवा फुटवा तर अधिकच कोवळा. तो कुंपणाची काटेरी फांदी नीट सारतो, कणीस निसवण्याला अजून किती दिवस आहेत ते बोटांवर मोजतो आणि गव्हाणीत कोरडा कडबाच टाकतो.